पंचांनी दिलेला आऊट

“आऊट!” पंचांनी डावा हात वर केला आणि पुढच्या सर्व्हिससाठी खिशातून दुसरा चेंडू काढला.

फटका समोरच्या वकिलांचा होता. ते नेटपर्यंत चालत आले, तिथे जरा घुटमळले, आणि मग खांबाला वळसा घालून सरळ अलीकडे आले.

शेजारच्या कोर्टवरचा खेळ थांबला. बाकावर बुटाच्या नाड्या बांधत बसलेल्या दोघांनी माना वर केल्या. वकिलांचे जोडीदार बेकरीवाले एकदम रॅकेटच्या तारा सरळ करायला लागले, आणि त्या तारा काही वाकड्या नव्हत्या.

या मैदानावर मातीची दोन कोर्टं होती आणि सामन्याला पंच नेमायची पद्धत कधीच नव्हती. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्यानं आत की बाहेर ते सांगायचं आणि पलीकडच्यानं निमूट ऐकायचं. नीट दिसला नसेल तर आत धरायचा आणि पॉइंट समोरच्याला द्यायचा. फारच शंका आली तर ज्यानं आऊट दिला त्यानंच मागे जाऊन मातीत उमटलेली खूण शोधायची आणि रॅकेटच्या टोकानं तिच्याभोवती गोल काढायचा. पलीकडच्यानं नेट ओलांडायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण नेट ओलांडून येणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं, हे नव्या सभासदाला पहिल्या आठवड्यातच कळायचं. वकिलांना येऊन दोन वर्षं झाली होती.

आणि नेट ओलांडलं तेही कुणासाठी, तर पंचांसाठी! पंच काही खरे पंच नव्हते. ते एका रुग्णालयाच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. वय सत्तावन्न, गुडघे सत्तरीचे, सर्व्हिस बेताची. खेळाडू म्हणून कुणी त्यांचं नाव घेतलं नसतं. पण अकरा वर्षांपूर्वी वार्षिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोरच्यांनी आपलाच फटका बाहेर गेला म्हणून कपाळावर हात मारला, तेव्हा ‘आत होता’ असं यांनी सांगितलं आणि हातात आलेला कप घालवला. तेव्हापासून जे नाव पडलं ते पडलं. शेजारच्या कोर्टवर वाद झाला तर लोक तिथून ओरडून यांना विचारत. पंचांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“खूण दाखवता का?” वकिलांनी विचारलं. आवाज साधाच होता.

पंच रेघेपाशी गेले. लाल माती दिसत होती, पांढरी रेघही दिसत होती. पण जिथे नजर लावावी नेमका तिथेच एक राखाडी डाग, चष्म्यावर कुणी तेलकट अंगठा टेकवावा तसा. त्यांनी मान जराशी वाकडी केली. काहीतरी खळग्यासारखं दिसलं. त्याभोवती त्यांनी ठसक्यात गोल काढला.

“ही बघा. चांगली बोटभर बाहेर.”

वकील वाकले. “पंच, ही तुमच्याच टाचेची खूण आहे.” मग ते दोन पावलं सरकले. “बॉल इथे पडलाय. अर्धा रेघेवर. चुना उडालाय बघा.”

आता ‘असेल, तुमचा पॉइंट’ एवढंच म्हणायचं होतं. फार तर सेट चार-सहा गेला असता. दर रविवारी कुणाचा ना कुणाचा सेट जातच असतो. पण त्या पाठोपाठ दुसरा प्रश्न आला असता, की पंच, तुम्हाला एवढं दिसलं नाही? आणि त्या प्रश्नाला पंच गेले चार महिने भीत होते.

“बाहेरच होता,” ते म्हणाले.

वकिलांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पोस्टमास्तर हे पंचांचे जोडीदार. बावीस वर्षं दोघं एकत्र खेळत होते, पंच डावीकडे आणि पोस्टमास्तर उजवीकडे. खूण त्यांच्यापासून चार पावलांवर होती. पोस्टमास्तर आभाळाकडे बघत उभे होते, जणू आजचं टपाल तिकडूनच यायचं होतं.

“ठीक आहे. तुम्ही म्हणताय तर बाहेर,” वकील म्हणाले आणि आल्या वाटेनं परत गेले.

तो सेट पंच आणि पोस्टमास्तर सात-पाच जिंकले. शेवटी नेटवर हात मिळवायची वेळ आली तेव्हा वकिलांनी बोटांची टोकं तेवढी पुढे केली. चहाला कुणी थांबलं नाही.

चार महिन्यांपूर्वी पंच एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. घरी सांगितलं होतं, चष्म्याची काडी सैल झालीय. डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून चौकटींच्या कागदाकडे बघायला लावलं. उजव्या डोळ्याला त्या सरळ रेघा मधोमध फुगलेल्या दिसल्या आणि फुगवट्याच्या मध्ये काहीच दिसलं नाही.

“पडद्याचा मधला भाग खराब होतोय,” डॉक्टर म्हणाले. “उजवा बराच गेलाय, डाव्यात सुरुवात आहे. इंजेक्शनं सुरू करू. गेलेलं येणार नाही, राहिलेलं टिकेल. काम काय करता?”

“ऑफिसात असतो,” पंच म्हणाले, आणि पुन्हा त्या दवाखान्याकडे फिरकले नाहीत.

काम काय करता, याचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं: बघतो. मायक्रोस्कोपच्या नळीला डोळे लावून काचेवरच्या रक्ताच्या पेशी बघणं, तेहेतीस वर्षं. मोजदाद आता मशीन करायचं, पण मशीनला शंका आली की ती स्लाइड पंचांकडे यायची. डोळे गेले असं तोंडातून काढलं की दुसऱ्या दिवशी ती खुर्ची गेली, आणि तिच्या पाठोपाठ रविवारचं कोर्टही. ही दोन ठिकाणं काढून घेतली तर आपल्यात शिल्लक काय राहतं, हे पंचांना कितीही विचार केला तरी सापडत नव्हतं. निवृत्तीला दहा महिने होते. तेवढे निभावून न्यायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. लोक लबाड म्हणाले तरी चालतील, आंधळा म्हणू नयेत.

ठरवणं सोपं असतं. मधल्या काळात त्यांनी मैदानाच्या माळ्याशी भांडण उकरून काढलं होतं. “मागची रेघ वाकडी मारलीय तुम्ही,” असं त्यांनी एकदा नाही, चार वेळा सुनावलं. शेवटी माळ्यानं दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि सगळ्यांच्या देखत रेघेवर धरली. दोरी आणि रेघ, केसभर फरक नाही. पंचांना तर दोरीही वाकडीच दिसत होती. “नाचता येईना अंगण वाकडं,” माळी पुटपुटला आणि चुन्याची बादली उचलून चालता झाला. कोर्टवर हशा पिकला. पंचही हसले, सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानंच.

त्याच रविवारी संध्याकाळी टीव्हीवर मोठ्या स्पर्धेचा पहिला आठवडा संपत होता. वर्षात अशा चार स्पर्धा येत, आणि त्या त्या वेळी पंचांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर एकशे अठ्ठावीस नावांचा तक्ता चिकटे. रोजचे निकाल पंच पेन्सिलीनं भरत. त्यांची बायको शाळेत क्लार्क होती, ती म्हणे, “आमच्या शाळेची हजेरी एवढी चोख असती तर मी कधीच घरी बसले असते.”

पंचांची आवडही जगावेगळी. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंत त्यांना रस नसे. पात्रता फेरीतून धडपडत आलेला, सामानाची बॅग स्वतः ओढणारा, पहिल्या दोन फेऱ्यांत गारद होणारा कुणीतरी ते निवडत. “जिंकणाऱ्याला सगळं जग आहे. हरणाऱ्यालाही कुणीतरी पाहिजे ना?” या वेळी त्यांनी धरलेला चौतीस वर्षांचा डावखुरा, क्रमवारीत एकशे एकोणचाळिसावा, चक्क तिसरी फेरी खेळत होता.

“आऊट,” टीव्हीतून रेकॉर्ड केलेला आवाज आला. रेघांवर आता माणसं नव्हती. गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे राहणारे ते लाइनवाले पंचांना खेळाडूंइतकेच आवडायचे.

“काय बिघडवलं होतं त्यांनी कुणाचं?” पंच म्हणाले. “चुकायचे, मान्य. पण चुकल्यावर चेहरा पडायचा त्यांचा. या मशीनचा चेहरा पडतो का कधी?”

“चुकतच नाही तर चेहरा कशाला पडेल?” बायको म्हणाली. ती शाळेच्या फॉर्मांची चळत मांडीवर घेऊन बसली होती. थोड्या वेळानं तिनं चळत बाजूला ठेवली. “अहो, एक विचारू? लग्नाला एकतीस वर्षं झाली. मॅच चालू असताना तुम्ही माझ्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाहीत. घराला आग लागली असती तरी टायब्रेक संपल्यावर उठला असतात. आणि आठवडाभर बघतेय, मॅच तिकडे नि तोंड माझ्याकडे.”

पंच गडबडले. टीव्हीकडे सरळ पाहिलं की चेंडू डागात बुडायचा. तोंड तिच्याकडे वळवलं की कडेनं तो येता-जाता दिसायचा.

“बघू नको का?”

“बघा की. पण मला बघताय असं वाटत नाही.” ती उठून कपाटापाशी गेली. “आणि हा तक्ता बघा. दोन दोन नावं एकमेकांच्या अंगावर चढलीत. चौकट सोडून लिहिताय तुम्ही.”

“पेन्सिलीला टोक नव्हतं.”

तिनं पेन्सिल उचलली, टोक बघितलं आणि परत जागेवर ठेवली. मग येऊन तिनं टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवला आणि फॉर्म पुन्हा मांडीवर घेतले. डावखुरा जिंकला, ते पंचांना टाळ्यांवरून कळलं.

सोमवारी लॅबमध्ये पाऊल टाकल्याबरोबर धाकटीनं त्यांना आतल्या खोलीत बोलावलं. धाकटी वयानं बेचाळीस वर्षांची होती. पण नोकरीला लागली तेव्हा पंचांच्या हाताखाली शिकली, म्हणून अजून धाकटीच. तिनं दार लोटून घेतलं.

“दादा, शुक्रवारी वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंची स्लाइड तुम्ही बघितली होती. ताप होता, मलेरियाची शंका होती. आठवतंय?”

“आठवतंय ना. जंतू नव्हते. तसा रिपोर्ट दिला मी.”

“काल दुपारी त्यांना बेशुद्ध आणलंय. वर अतिदक्षता विभागात आहेत. मी नवीन स्लाइड केली तर जंतूंनी भरलेली.” ती थांबली. “मग मी शुक्रवारची पेटीतून काढली.”

बघून झालेली प्रत्येक स्लाइड नंबर घालून लाकडी पेटीत वर्षभर ठेवायची, ही या लॅबची शिस्त. ती पंचांनीच घालून दिलेली होती.

“आहेत, दादा. फार नाहीत, पण पाच मिनिटांत मला तीन दिसले.”

पंचांनी टेबलाची कड धरली.

“मी लॅबच्या डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय, रंग नीट बसला नव्हता म्हणून. रंगाची बाटली नवीनच उघडलेली होती, पटेल त्यांना. तुम्हीही तेच सांगा.” तिनं ती काच अलगद टेबलावर ठेवली. “माझ्या तोंडून तुमचं नाव जायचं नाही. जे शिकले ते तुमच्याकडूनच शिकले.”

ती गेल्यावर पंचांनी काच मायक्रोस्कोपखाली लावली. काचेवरच्या रक्ताला रंग त्यांनी स्वतः दिला होता. पेशी गुलाबी, टपोऱ्या, एकेक सुटी. इतकी सुरेख स्लाइड शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवावी. नजर मधोमध लावली की राखाडी डाग. जरा बाजूला पाहिलं की डागाच्या कडेला एखाद्या पेशीत जंतूची बारीक जांभळी अंगठी चमकून जाई. तिच्याकडे बघायला जावं तर नाहीशी. तासभर ते त्या अंगठीच्या मागे होते. शुक्रवारीही असंच काहीतरी कडेला चमकलं होतं. तेव्हा त्यांनी मान वाकडी केली होती, थोडं थांबले होते, आणि मग ‘आढळले नाहीत’ लिहून सही केली होती. हे ते विसरले नव्हते. विसरायचं ठरवलं होतं, एवढंच.

दुपारी पॅसेजमध्ये डॉक्टरीणबाई भेटल्या. “रंगाचा काहीतरी घोटाळा झाला म्हणे?”

“हं,” पंच म्हणाले.

त्या एका ‘हं’नंतर त्यांना अन्न गोड लागेना. बायकोनं विचारलं, तर पित्त झालंय म्हणाले.

मंगळवारी ते जिना चढून वर गेले. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एक बाई मांडीवर थर्मास घेऊन बसली होती. ती स्वयंपाकीणबाईंची थोरली बहीण. पंचांचा पांढरा कोट बघून ती उठायला लागली.

“बसा, बसा. कशी आहे तब्येत?”

“डोळे उघडत नाही हो.” तिला कुणाला तरी सांगायचंच होतं. “शुक्रवारी आणलं होतं इथेच. ती सारखी म्हणत होती, ताई, मला मागे झाला होता तसाच मलेरिया आहे हा, हुडहुडी तशीच आहे. मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, रिपोर्टात स्वच्छ लिहिलंय नाही म्हणून, खाली सही आहे, तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का? औषधं हवीत म्हणत होती, मीच घेऊ दिली नाहीत.” तिनं थर्मासचं झाकण उघडलं आणि तसंच लावलं. “माझ्यामुळे झालं हे. आता ती उठली नाही तर मी काय तोंड दाखवू तिच्या मुलांना?”

पंचांची सही खरी मानली म्हणून ही बाई स्वतःला दोष देत बसली होती. इतकी वर्षं लोकांनी आपला शब्द मानावा यातच त्यांना सुख होतं.

ते तसेच खाली उतरले आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले.

“रंग चांगला होता,” ते उभ्यानंच म्हणाले.

“म्हणजे?”

“शुक्रवारची स्लाइड. जंतू होते, मला दिसले नाहीत. माझी नजर मधून गेलीय.”

“कधीपासून?”

“कळून चार महिने झाले.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “चार महिने तुम्ही सह्या करताय?”

“हो.”

त्या ओरडल्या असत्या तर पंचांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पंचांना दिसत नव्हता, आणि त्या क्षणी ते बरंच होतं.

“सगळ्या स्लाइड पेटीत आहेत, नंबरवार,” पंच म्हणाले. “चारशेच्या आसपास असतील. पुन्हा बघाव्या लागतील. धाकटीचा यात काही दोष नाही, ती मला सांभाळत होती.”

“मायक्रोस्कोपला आता हात लावू नका.”

“नाही लावणार.”

मग ते पुन्हा वर गेले. “ताई, तो रिपोर्ट मी दिला होता,” त्यांनी बहिणीला सांगितलं. “तुम्ही खेकसलात त्यात तुमचं काही चुकलं नाही. सही माझी होती आणि मला दिसत नव्हतं.” तिनं मान भिंतीकडे फिरवली. पंच उभेच राहिले. शेवटी ती म्हणाली, “जा तुम्ही,” तेव्हा गेले.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोलाही सगळं सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरपासून. “म्हणजे माझ्याकडे बघत नव्हतातच तर,” ती शेवटी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून तिनं दवाखान्याचा नंबर मागितला.

पुढचे तीन दिवस धाकटी आणि डॉक्टरीणबाई आळीपाळीनं मायक्रोस्कोपवर बसल्या. पंच शेजारच्या स्टुलावर बसून पेटीतून एकेक काच काढून देत, बघून झालेल्या काचेवरचं, भिंगाखाली घातलेलं तेल पुसून ती परत ठेवत. “नाही,” धाकटी म्हणे. पुढची काच. “नाही.” प्रत्येक ‘नाही’ला पंच श्वास सोडत. दोन ठिकाणी ती गप्प झाली. त्या दोघांना फोन पंचांनीच केले. एक जण दुसरीकडे दाखवून बरा झाला होता; त्यानं त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि पंचांनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या. दुसऱ्याला त्याच दिवशी बोलावून घेतलं. गुरुवारी स्वयंपाकीणबाईंनी डोळे उघडले. मूत्रपिंडाचं मात्र अजून सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंचांना पुढच्या सोमवारपासून नोंदणीच्या खिडकीवर बसायला सांगितलं. डावखुरा त्या आठवड्यात कधीतरी हरला. बायकोनं तक्त्यावर भरून ठेवलं होतं.

रविवारी पंच कोर्टवर गेले ते चपला घालून, रॅकेट न घेता. बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. ते बाकाजवळ येताच वकील लगबगीनं पुढे आले.

“पंच, माफ करा मला. खरंच माहीत नव्हतं हो. डोळ्यांचं कळलं असतं तर मी नेट ओलांडून आलोच नसतो.”

“बरं झालं आलात,” पंच म्हणाले. “तो बॉल आत होता.”

“जाऊ द्या ना आता. दिसला नाही तुम्हाला, त्यात तुमचा काय दोष?”

“दिसला नाही यात काहीच दोष नाही. दिसला नाही तर पॉइंट तुमचा, हे मला पाठ आहे. मी न दिसता आऊट म्हणालो, वकीलसाहेब. ते काही डोळ्यांनी केलं नाही, तोंडानं केलं.” पंचांनी हात पुढे केला. “सेट तुमचा होता. सहा-चार.”

वकिलांनी पंचांचा हात हातात घेतला, या वेळी पुरा.

पंच पोस्टमास्तरांकडे वळले. “तुला दिसलं होतं ना रे?”

“दिसलं होतं.”

“आणि त्याआधीचे चुकीचे आऊट?”

“पाच-सहा तरी असतील.”

“मग बोलला का नाहीस?”

पोस्टमास्तरांनी मनगटाचा पट्टा काढला, पुन्हा चढवला. “म्हटलं, हरायचा कंटाळा आला असेल याला. बावीस वर्षं खरं बोललाय, आता थोडं खोटं बोलला तर बोलू दे.”

“म्हणजे तू मला लबाड समजत होतास.”

“समजत होतो,” पोस्टमास्तर म्हणाले. “पण खेळत होतो ना तुझ्याबरोबर.”

पंचांना हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही त्यांनी गिळलं. “जा, खेळा आता. उन्हं वर येतील. बाकावर दोघं बसलेत, त्यातला एक घे.”

“आज तिघंच खेळू,” पोस्टमास्तर बेकरीवाल्यांना म्हणाले. “पॉइंट नको, काही नको. नुसतं खेळू.”

पंच बाकाच्या टोकाला बसले. पलीकडे वकील आणि बेकरीवाले उभे राहिले, अलीकडे एकटे पोस्टमास्तर, नेहमीसारखे उजव्या अर्ध्यात. बेकरीवाल्यांनी पहिला चेंडू सवयीनं डावीकडे मारला. तो मातीवर आपटला, पुन्हा एकदा आपटला आणि मागच्या कुंपणाच्या जाळीला जाऊन थडकला. पावलं वाजली नाहीत.

“अहो, पळा की!” बेकरीवाले ओरडले.

“तो माझा नव्हता,” पोस्टमास्तर म्हणाले.

पंचांना ‘अरे घे ना’ म्हणून ओरडावंसं वाटलं. पलीकडचे दोघं नेटजवळ येऊन काहीतरी कुजबुजले आणि आपापल्या जागी गेले. मग खेळ सुरू झाला. पंच कान देऊन ऐकत होते. अर्धा तास चेंडू अलीकडे आला तो उजवीकडेच आला, आणि पोस्टमास्तरांचे बूट तेवढ्यातच घसटत राहिले. डाव्या अर्ध्यात माळ्यानं सकाळी फिरवलेल्या झाडूच्या रेघा खेळ संपेपर्यंत तशाच होत्या.